लॅबसाठी घेतलेली एसआयपी ट्रंक लाइन, सव्वा वर्षाचा अनुभव (५ पैकी ३.५)

सांगलीत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, फोनचा सगळा कारभार माझ्याकडे. आधी जुनी पीआरआय लाइन होती, तांब्याच्या तारेवरची ३० चॅनेलवाली, म्हणजे एका वेळी ३० कॉल चालणारी. पावसाळ्यात ती चार-चार दिवस बंद पडायला लागली म्हणून गेल्या वर्षी फायबरवर एसआयपी ट्रंक घेतली, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीनं एकाच जोडणीवरून बरेच कॉल नेणारी लाइन. नंबर तोच राहिला, ०२३३ वाला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीची ट्रंक घेताना उपयोगी पडेल.

बसवणं मस्त झालं, एका दिवसात. बिल जुन्यापेक्षा कमी आलं. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते घ्या म्हणून.

मग एक दिवस तासगावहून एक आजोबा एसटीनं आले, बायकोचा रिपोर्ट विचारायला. म्हटलं काका एवढ्या लांबनं कशाला आलात, फोन करायचा की. तर म्हणाले, "फोनच लागंना ओ ताई, सकाळधरनं लावतोय. या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत म्हणतंय." आणि आमच्या काउंटरवर त्या वेळी ३० पैकी चार लाइन चालू होत्या, चार! बाकी सगळ्या रिकाम्या. मला फार वाईट वाटलं. रिपोर्टमध्ये काही गंभीर असतं तर?

कस्टमर केअरला फोन केला. तिकडून उत्तर, मॅडम आमच्या बाजूनं सगळं ओके आहे. आमचा लॉग काढून पाहिला तर खरंच त्यात आजोबांच्या कॉलची नोंदच नाही. म्हणजे कॉल आमच्यापर्यंत आलाच नव्हता. मोबाइल कंपनीला विचारलं तर ते म्हणतात आमच्या नेटवर्कमध्ये काही अडचण नाही, समोरच्याला विचारा. असं दोन्हीकडून टोलवाटोलवी तीन आठवडे चालली.

शेवटी ट्रंक कंपनीचा एक इंजिनिअर लॅबमध्ये आला आणि या दादामुळेच मी आज साडेतीन स्टार देतेय. त्यानं टेबलावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल मांडले, शेजारी आमच्या ट्रंकवर येणारे कॉल दाखवणारा लॅपटॉप उघडला आणि सकाळी साडेदहा ते बारा आळीपाळीनं आमचा नंबर लावत बसला. दोन फोनवरून प्रत्येक कॉल लागला. तिसऱ्यावरून लावलेले बरेचसे कॉल मधेच मेले, आणि ते मेले तेव्हा लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक ओळसुद्धा हलली नाही. मग त्यानं रिपोर्टच्या पाकिटामागे चित्र काढून समजावलं. दोन कंपन्यांची नेटवर्कं जिथं एकमेकांना जोडलेली असतात त्या जागेला पीओआय म्हणतात, पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन. जुन्या पद्धतीच्या जोडणीत तिथं ई-वन नावाच्या लिंक असतात, एक लिंक २ एमबीपीएसची, तिच्यात ३२ खाचा, त्यातल्या ३० बोलण्यासाठी. एका वेळी ३० कॉल भरले की ३१ वा बाहेरच राहतो. त्या मोबाइल कंपनीकडून आमच्या कंपनीकडे येणारी वाट सकाळच्या गर्दीत भरत होती, आणि 'सर्व लाइन व्यस्त' ही पट्टी मोबाइल कंपनीच्याच एक्स्चेंजमधून वाजत होती. आमच्या दारापर्यंत कॉल यायचाच नाही तर आमच्या लॉगमध्ये दिसणार कसा.

मी विचारलं ३० लाइन आहेत तर ३० कॉल जाईपर्यंत त्रास नको ना? तर नाही. लोक रांगेत ठरवून फोन करत नाहीत, एकदम झुंडीनं करतात. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी याचं गणित मांडून ठेवलंय, टेलिफोनवाले अजून तेच वापरतात. २०० कॉलमागे एकच कॉल अडावा असं पाहिजे असेल तर ३० लाइनवर सरासरी १९ च लाइन भरलेल्या असायला हव्यात. दोन-दोन मिनिटांचे कॉल धरले तर तासाला साधारण ५७०. त्याच्यावर गेलं की अडणारे कॉल पटापट वाढतात. आणि २०० मागे एक हा आकडा असाच नाही घेतलेला, ट्रायच्या, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाच्या, गुणवत्तेच्या नियमांत पीओआयवरच्या गर्दीची मर्यादा हीच आहे, ०.५ टक्के.

हे कळल्यावर मी रात्री बसून नियम वाचले. आपल्या देशात एका कंपनीनं दुसरीला जोडणी देणं ही मेहरबानी नाही, लायसन्सचीच अट आहे. ट्रायचे इंटरकनेक्शनचे नियम १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाले, त्यात जोडणी मागितली की भेदभाव न करता ३० दिवसांत करार करायचा असं आहे, पीओआयचा वापर ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर जादा पोर्ट, म्हणजे कॉलसाठी जोडणीच्या जागा, मागता येतात, आणि नियम मोडला तर एका सर्कलमागे (टेलिकॉमच्या विभागामागे) दिवसाला १ लाखापर्यंत भुर्दंड. हे नियम येण्याआधी २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा पोर्ट पुरेसे न दिल्यावरून केवढा वाद झाला होता आठवत असेल, ट्रायनं तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. तेव्हा मला वाटायचं मोठ्यांची भांडणं आहेत, आपल्याला काय. आता कळतं की त्या पोर्टांच्या पलीकडं त्या तासगावच्या आजोबांसारखी माणसं ताटकळत असतात.

तर आम्ही काउंटरवर एक वही ठेवली. कुणी म्हणालं फोन लागला नाही की तारीख, वेळ, कुठल्या कंपनीचं सिम हे लिहायचं. सुरुवातीला आमची रिसेप्शनवाली मुलगी नंबरच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखून लिहायची, ते चुकीचं निघालं, २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते त्यामुळे आकड्यांवर भरवसा नाही, पेशंटला विचारूनच लिहावं लागतं. महिनाभरात वहीची चार पानं भरली. पहिल्या तक्रारीचा डॉकेट नंबर 'निवारण झाले' म्हणून बंद केला होता ट्रंक कंपनीनं, काहीही न करता, याचा मला अजून राग आहे. मग वहीचे फोटो जोडून त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेले, त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यानंतर हालचाल झाली. दोन कंपन्या एकत्र बसल्या, पोर्ट वाढले, आणि सात आठवड्यांनी तिसऱ्या फोनवरून सलग चाळीस कॉल लावून बघितले, चाळीसच्या चाळीस लागले.

आवाजाबद्दल पण सांगते कारण लॅबला ते फार महत्त्वाचं आहे. मध्यंतरी फोनवर साखर सांगताना एकशे सात की एकशे साठ हेच समोरच्याला कळेना. सात आणि साठ! औषधाचा डोस बदलतो हो यानं. कारण निघालं कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची पद्धत. बँडविड्थ वाचवायला ट्रंकवर जी.७२९ लावलेलं होतं, ८ केबीपीएसवालं, आणि पुढच्या नेटवर्कला देताना ते परत जी.७११ मध्ये बदलायचं, दर बदलाला आवाज घासला जातो. दादानं सरळ जी.७११ ए-लॉ करून दिलं, ६४ केबीपीएस, फायबरवर त्याचं काहीच ओझं नाही. आता शब्द स्पष्ट येतात. मोबाइल ते मोबाइल एकाच कंपनीत जो एचडी आवाज मिळतो तसा नाही येत, पण काम चोख होतं. तरी आम्ही आकडे सुटे करूनच सांगतो, एक-शून्य-सात असं. 'रिपोर्टसाठी १ दाबा' हे बटण काही फोनवरून लागत नव्हतं ते पण एका सेटिंगचं काम निघालं, दहा मिनिटांत झालं.

ज्यांना घ्यायचीय त्यांनी सेल्सवाल्याला चॅनेलचा भाव विचारायच्या आधी हे विचारा की आमच्या सर्कलमध्ये प्रत्येक मोठ्या मोबाइल कंपनीशी तुमची थेट जोडणी आहे का, सकाळी अकराला ती किती टक्के भरलेली असते, आणि कॉल तुमच्यापर्यंत आलाच नाही तर तक्रार कोण घेणार. लेखी घ्या. मला यातलं काही माहीत नव्हतं म्हणून चार महिने गेले. आणि स्वतः टेस्ट करताना एकाच सिमवरून करू नका, घरातले, शेजारचे सगळे फोन गोळा करा.

अर्धा स्टार कस्टमर केअरसाठी कापला, एक कापला तो न सोडवता बंद केलेल्या डॉकेटसाठी. पोर्ट वाढवल्यापासून वहीत तीनच नोंदी आहेत, त्यातल्या दोन दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारच्या. दर महिन्याला पीओआयच्या वापराचा आकडा ईमेलवर देऊ म्हणाले होते, तो दोनदा आला आणि थांबला, मी परवाच परत मागितलाय. आजोबा मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा रिपोर्टसाठी बोलले, फोनवर.