माकोंडे मुखवटा: काही महिने घरात नांदल्यावर

दार-ए-सलाममध्ये राहताना म्वेंगेच्या कारागीर बाजारातून घेतलेला माकोंडे मुखवटा दिवाळीपासून आमच्या बैठकीत आहे. माकोंडे ही टांझानिया-मोझांबिक सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणारी, लाकूडकामासाठी नावाजलेली जमात. घ्यावा का, असं विचाराल तर जरूर घ्या. फक्त काळाकुळकुळीत, चकचकीत नको.

म्पिंगो या आफ्रिकी झाडाचं ते काळं लाकूड शिसवाच्याच कुळातलं, पाण्यात टाकलं तर बुडेल इतकं जड. माकोंडे कारागीर त्यातून एकमेकांच्या अंगाखांद्यांवर चढलेल्या माणसांचे ‘उजामा’ खांब कोरतात, ते अप्रतिमच. पण नाचताना एवढं ओझं डोक्यावर कोण घेईल? नाचाचा मुखवटा म्हणजे लिपिको. तो आपल्या सावरीच्या जातीतल्या हलक्या लाकडाचा, आतून पोकळ, अख्खं डोकं आत जाईल असा. माझा एका हातात सहज उचलला जातो. आत छिन्नीचे घाव तसेच आहेत, बाहेरून मात्र कातडीसारखा गुळगुळीत. डोक्यावर खरे केस, वरच्या ओठात बायका घालत त्या चकतीचा फुगवटा, आणि गालांवर गोंदणाच्या रेघा मेणाने उठवलेल्या.

भिंतीवर टांगायची ही वस्तू नव्हे. उत्तर मोझांबिकच्या मुएडा पठारावर मुलामुलींचे वयात येण्याचे दीक्षाविधी संपले की मापिको नाच होतो. नाचणाऱ्याचं अंग कापडाने झाकलेलं, कोण आहे ते कळू द्यायचं नाही. त्याला दिसतं मुखवट्याच्या तोंडातून, म्हणून मुखवटा मागे कललेला असतो. मी आधी सरळ ठेवून पाहिला, मग टेकू लावून मागे कलवला. अर्धमिटल्या डोळ्यांना लगेच जीव आला. नंतर तो तसाच ठेवलाय.

निगा फारशी नाही, पण चुकवून चालत नाही. हलक्या लाकडाला कीड पटकन लागते. खाली पिठासारखा भुसा दिसतोय का, ते मार्चपासूनच्या ‘मसिका’त, म्हणजे तिथल्या मोठ्या पावसाळ्यात, मी रोज बघायचे. मेणामुळे ऊन वर्ज्य, तेल-पॉलिश अजिबात नाही. केसांवरची धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने.

‘जुना, नाचातला’ म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर सोडून द्या; तो चोरीचाही असू शकतो. दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयातून 1984 मध्ये चोरीला गेलेला माकोंडे मुखवटा जिनिव्हाच्या बार्बिए-म्युलर संग्रहालयात निघाला आणि 2010 मध्ये टांझानियाला परत मिळाला. नवा, समोर बसून कोरणाऱ्याकडूनच घ्या. केस कसे बसवतात तेही तो आवडीने दाखवतो.