जोंगाचं इंजिन बदलताना गेलेले 1,73,500 रुपये

'लो रनिंग', 'मिलिटरी माल', 'हेड कधी उघडलंच नाही'. जुन्या गाड्यांच्या बाजारातली ही भाषा सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. तरी बयाण्याचे 51,000, इंजिन दारात उतरल्यावर 84,000 आणि अडॅप्टर प्लेट, माउंटिंग, बसवणावळ मिळून 38,500 गेले. कापूस विकून आलेला चुकारा होता तो.

मी आर्वी तालुक्यातला. लष्कराच्या लिलावातून हातोहात फिरत आलेली जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी फोर व्हील जीप, माझ्याकडे आहे. जबलपूरच्या कारखान्यातली, मूळ इंजिन 3956 सीसी, सहा सिलिंडर, पेट्रोल. ते पोसणं शेतकऱ्याचं काम नाही. म्हणून टाटा 407 मिनीट्रकचं जुनं चार सिलिंडर डिझेल इंजिन टाकायचं ठरवलं. कोणी याला हौस म्हणू नये. पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यावर चिखलातून फोर व्हीलशिवाय काही निघत नाही.

नागपूरकडच्या एका डीलरने इंजिन स्टँडवर चालू करून दाखवलं. अर्ध्या सेल्फला उठलं, धूर नाही. हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, हात लावला तर चटका बसला. तिथेच कळायला हवं होतं! "भाऊ, आताच ट्रायल घेतली ना, म्हणून गरम हाय." तापलेलं इंजिन कसंही उठतं आणि जाड ऑइल भरलं की धूरही दबतो. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं कळतं ते गार स्टार्टला. पण माझा नेहमीचा मिस्त्री शेजारी उभा राहून मान डोलवत होता, मग मी कशाच्या जोरावर नाही म्हणायचं? पूर्ण ब्लॉक ताज्या हिरव्या रंगाने माखलेला आणि इंजिन नंबरची तेवढी पट्टी घासून लख्ख, ग्राइंडरच्या बारीक रेघांसकट. ते आठवलं की अजून रात्री झोप लागत नाही.

गाडीत बसवल्यावर पहिल्याच सकाळी पांढरा धूर, ऑइलच्या झाकणातून भकाभका वाफ, रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग. खोललं तर ब्लॉकला तडा, त्यावर एम-सील, त्यावर रंग. इंजिन गार असतानाच बघा, आधी कोणी चालू केलेलं असेल तर सरळ परत फिरा. ऑइलचं झाकण काढून वाफ बघा. प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन मोजल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पोलीस ठाण्यात म्हणे, "हा दिवाणी मामला, आणि हद्दही आमची नाही." हद्दीचं कारण देताच येत नाही, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 स्पष्ट आहे! पक्कं बिल नाही म्हणून मलाच झापलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले. आरटीओत तर उलटंच, परवानगी न घेता इंजिन बदललंच कसं, आणि हा नंबर कुठल्या गाडीचा? ते इंजिन चोरीचं निघालं असतं तर आरोपी मीच! बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिची कागदपत्रं हातात आल्याशिवाय इंजिन ट्रॉलीवरून उतरवू नका. आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर.

आता एसपींना पोस्टाने अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंत फी नाही, तेही करणार आहे. तडा गेलेला ब्लॉक मी भंगारात दिलेला नाही. नागपूरकडे कोणी असंच हिरवं, गरम इंजिन दाखवलं असेल त्यांनी पैसे देण्याआधी येऊन तो डोळ्यांनी बघावा.