चिऱ्याच्या भिंती, स्लॅग सिमेंट, मंगळुरी कौले: पावसाळा काढल्यानंतर

गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या या नव्या बैठ्या घराच्या भिंती भार पेलणाऱ्या, चिऱ्याच्या म्हणजे जांभा दगडाच्या आहेत. काँक्रीट फक्त पायाला, जोते आणि लिंटेलच्या (दारे-खिडक्यांवरच्या) पट्ट्यांना आणि न्हाणीघरावरच्या स्लॅबला. कार्बनची खरी बचत काँक्रीट कमी वापरण्यातच होते. छपरावरचे सोलर चांगलेच, पण सिमेंटचा कार्बन गृहप्रवेशाआधीच हवेत गेलेला असतो.

घरासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या एका घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट लागते. साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटच्या टनामागे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला निम्म्याहून अधिक भट्टीतल्या चुनखडीतूनच सुटतो, त्यामुळे नुसते इंधन बदलून भागत नाही. भट्टीतून निघणारे क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ घटकच कमी हवा. म्हणून पीएससी, म्हणजे क्लिंकरच्या जागी काही प्रमाणात पोलाद कारखान्यातली मळी (स्लॅग) दळून घातलेले सिमेंट. मात्र आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात स्लॅग २५ ते ७० टक्के कितीही असू शकते. चाचणी अहवाल मागून आकडा बघूनच माल उचला. खाऱ्या हवेत सळई गंजण्यालाही हे सिमेंट जास्त टक्कर देते.

अडचण एकच, ताकद सावकाश येते. गवंडी सातव्या दिवशी काँक्रीटवर पाणी मारणे थांबवतात. याला किमान १० दिवस हवेत, नाहीतर पृष्ठभागावर हात फिरवला की भुकटी निघते. स्लॅबचे टेकूही इंजिनियरने सांगितल्याशिवाय काढू देऊ नका.

चिरा खाणीतून आला की मऊ, ओला असतो. रचून वाळू द्या. पिवळ्या मातीचे खिसे दिसले की तो चिरा भिंतीत नको, जोत्याच्या भरावात टाका. लावण्याआधी पाणी मारायलाच हवे. कोरडा चिरा १:६ (सिमेंट:वाळू) मालातले पाणी शोषतो आणि सांधा नखाने खरवडला तरी सुटतो.

पावसाने नैर्ऋत्येच्या भिंतीची परीक्षा घेतली. दोन फुटांची वळचण तिथे अपुरी पडली, खिडकीखाली ओल उतरली. त्या बाजूला तीन फूट किंवा पडवीच ठेवा. उघड्या चिऱ्यावर चकचकीत वॉर्निश मारले तर आतली ओल कोंडते, पांढरे फोड येऊन पापुद्रे सुटतात. वाफ बाहेर जाऊ देणारे सायलेन-सायलॉक्झेनचे जलरोधक किंवा चुन्याचा गिलावा बरा. गिलावा पाऊस ओसरल्यावरच. भर पावसात चुना धरत नाही.

उन्हाळ्यात कौले दिवसा तापतात पण रात्री लवकर निवतात, पंख्यावर भागते. माकडांनी सरकवलेली कौले मात्र दरवर्षी मृगाआधी बसवावी लागतात. पुढेमागे मजला चढवायचा असेल तर पाया आणि भिंतींची जाडी आधीच त्या हिशेबाने काढून घ्या.