बाबांच्या अ‍ॅम्बेसिडरचा पत्रा बदलला, रंग तसाच ठेवला: कामठी रोडवरची डेंटिंगची शेड

गाडी बाबांची, १९७८ची अ‍ॅम्बेसिडर. बावीस वर्षं त्यांनी ती नागपूर-काटोल अशी रोज चालवली. ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेवर त्यांचा कोपर टेकायचा, तिथला क्रीम रंग झिजून खालचा लाल प्रायमर दिसतो आणि मधोमध रुपयाएवढं उघडं लोखंड. बोनेट उन्हाने ताकासारखं फिकं पडलंय. यातलं काहीही मला घालवायचं नव्हतं.

खालून मात्र गाडी सडत चालली होती. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजने दाराखालच्या सडक्या पट्टीवरच नवा तुकडा ठेवून वेल्डिंग मारलं आणि वर बोटभर पुट्टी थापली. दोन पत्र्यांच्या मधे पाणी राहिलं, दुसऱ्याच पावसाळ्यात फुगे आले, आणि यंदा मार्चमध्ये मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. मग जिथे विचारावं तिथे एकच उत्तर: पूर्ण गाडी नव्याने रंगवून घ्या.

नागपुरात कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकातून इंदोऱ्याकडे येताना लागणाऱ्या या टिनाच्या शेडला पाटी नाही. मिस्त्रींनी गाडीखाली आडवं होऊन दहा मिनिटं ठोकून पाहिलं. बाहेर आले, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "रंग राहू द्या ताई. सडलं तेवढंच कापू." मी तिथेच चावी दिली.

अ‍ॅम्बेसिडरला वेगळी चासी नसते, भार बॉडीच घेते. दाराखालची पट्टी तशीच कापली तर गाडी मधे बसते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून त्यांनी आधी दोन ठिकाणी जॅक लावले, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून वेल्डिंगचे टाके मारले, बॅटरी काढली, आणि मगच ग्राइंडर चालू केला. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापलं. नवा पत्रा २० गेजचा सीआर, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पत्रा. जस्त चढवलेला पत्रा का नाही, विचारलं, तर वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो म्हणाले.

त्यांनी पत्र्यावर पत्रा चढवला नाही, कडेला कड भिडवली. वेल्डिंगला सीओटू मशीन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस सोडत वायर वितळवणारं, आणि ०.८ मिलिमीटरची वायर. एक टाका इथे, दुसरा वीतभर पुढे, मग हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. सलग ओढलं की पत्रा तापतो, थंड होताना आखडतो आणि पूर्ण पट्टीला लाटा येतात. आखडलेला जोड ते आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, लावून बाहेरून हातोडीने ताणत होते. मी स्टुलावर बसून दोन तास हेच ऐकत होते. डॉली बरोबर मागे नसेल तर आवाज "थप" येतो, नेमकी बसली की "टण". डोळ्यांपेक्षा ते कानावर काम करतात. पुट्टी लागली ती नखाएवढी.

रंग जुन्या डब्याच्या नंबरावरून न काढता उन्हाने उडालेल्या दाराशेजारी धरून मिसळला, तीनदा. वाळल्यावर ८०० नंबरच्या पाणीपेपरने कडा घासून खालचा प्रायमर थोडा उघडा केला. आता जोड कुठे आहे ते मला बोट फिरवून शोधावं लागतं. उघड्या लोखंडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन लगेच पुसलं. त्या चिंध्या बादलीभर पाण्यात टाकल्या. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवला तर तो आपोआप पेटतो, आणि आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे.

तक्रारीही आहेत. दहा दिवस सांगून एकोणीस लावले. मागच्या चाकाजवळ वेल्डिंगच्या आचेपासून रंग वाचवायला लावलेली ओली चिंधी सरकली आणि दोन बोटं जुना रंग जळला. तो परत येणार नाही, मला ते लागलं. मागची सीट झाकली नव्हती, ठिणग्यांनी दोन भोकं पडली. पट्टीच्या आतल्या पोकळीत मेण मारणं मी म्हटलं म्हणून झालं. तुम्ही आधीच सांगा, नाहीतर पत्रा आतून पुन्हा सडेल.

पत्र्याचे १४,५००, रंगाचे ३,५००. हिशेब वहीच्या कागदावर. पूर्ण पेंटिंगसाठी मला याच्या चौपट सांगितले होते. शिवाय २०२८मध्ये गाडी ५० वर्षांची होईल. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे तेव्हा ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात असेल तरच.

डिकीचा खालचा पत्रा दिवाळीनंतर त्यांच्याकडेच देणार आहे, या वेळी सीटवर टाकायला घरची जाड सतरंजी घेऊन. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा. दुपारी टिन तापतं, एक ते चार ते काम करत नाहीत.