मोफत वकिलाची सरकारी सोय: बुडालेला पगार मिळवताना आलेला अनुभव

जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मी एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला जायचे, तासाला ५५ रुपये. एप्रिल २०२३ मध्ये ठेका संपला. ठेकेदारानं आधी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हटलं, मग फोन उचलणंच बंद केलं. आम्ही साठ-सत्तर जणी होतो.

जूनमध्ये मी त्या ऑफिसात गेले. पहिल्याच टेबलावर उत्पन्नाचा दाखला मागितला. त्यापायी तहसीलच्या दोन फेऱ्या झाल्या, म्हणजे दोन खाडे. नंतर तिथल्याच एका मॅडमनी सांगितलं, बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. हे दाराबाहेर मोठ्या अक्षरात लावायला हवं.

वकीलबाई मात्र चांगल्या मिळाल्या. त्यांनी पहिलं विचारलं, "तास लिहून ठेवलेत का?" मी घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच रोजचे तास लिहायचे. दूध अर्धा लिटर, काम दहा तास. तीच पानं कामी आली. ४१ दिवसांचे ३२८ तास, त्याचे १८,०४० रुपये. वर ओव्हरटाइमचे ६२ तास. ठेकेदार ओव्हरटाइम साध्याच दरानं द्यायचा. कारखान्यात तो दुप्पट दरानं द्यावा लागतो, हे मला तिथं कळलं. त्याचे ६,८२० झाले.

दावा १९३६ च्या वेतन कायद्याखाली लावला. बाईंनी ठेकेदाराबरोबर कंपनीलाही पार्टी केलं, कारण ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला भरावा लागतो, असं तेव्हाच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. माझ्या मते सगळा फरक इथंच पडला. ठेकेदार गायब होऊ शकतो, कंपनीचं गेट जागेवरच राहतं.

तारखा सहा पडल्या. प्रत्येक तारखेला नव्या कामावरचे ४४० रुपये बुडाले. मधेच आमच्या वकीलबाई बदलल्या आणि नव्या वकिलांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, तेव्हा मला रडू आलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं तडजोड केली आणि पूर्ण २४,८६० रुपये खात्यात आले. वर नुकसानभरपाईही मागता येत होती, ती मी सोडली. मुलीची फी भरायची होती. वकिलाला मला एक रुपयाही द्यावा लागला नाही, कुणी मागितलाही नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दाखल्यासाठी आणि वकील बदलल्यासाठी.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता आली आहे. दाव्याला पूर्वी एक वर्षाची मुदत होती, ती तीन वर्षं झाली. काम सुटलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा, असंही त्यात आहे. विधी सेवेचं ऑफिस लांब असेल तर त्यांच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा.

माझ्याबरोबरच्या एकीचे आता दुसऱ्या ठेकेदाराकडे दोन महिन्यांचे पैसे अडकलेत. परवा तिला घेऊन गेले. तिनं तास लिहिले नव्हते, पण "उद्या सहाला गेटवर या" असे सुपरवायझरचे मेसेज फोनमध्ये होते. वकिलांनी ते सगळे तारखेसकट छापून आणायला सांगितलेत.