हॅलो किटी की कुमामोन?
दोन्ही जपानची चित्रपात्रं. जगभर पोहोचल्या दोन्ही वाटा, पण सुरुवात अगदी उलट.

मांजरीच्या रूपातली हॅलो किटी सान्रिओ कंपनीची. युको शिमिझू यांनी ती १९७४ मध्ये रेखाटली. पहिली वस्तू होती नाणी ठेवायचं छोटं पाकीट. चित्र वापरायचं तर परवाना घ्यायचा, रॉयल्टी मोजायची. चेहरा सोपा दिसतो, पण काढताना हमखास चुकतो. गालांवर तीन-तीन मिशा, पिवळं लंबगोल नाक, तोंड मुळीच नाही आणि लाल रिबिनीचा बो तिच्या डाव्या कानावर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला. बोची बाजू बदलली की ती किटी राहतच नाही, तिची जुळी बहीण मिमी होते! नकली माल ओळखायचा तर आधी इथेच बघावं.

कुमामोन हे लाल गालांचं काळं अस्वल कुमामोतो प्रांताचं, २०१० सालचं. २०११ मध्ये क्युशू शिनकान्सेन ही बुलेट ट्रेनची लाईन पूर्ण होणार होती आणि प्रवाशांनी कुमामोतोला उतरावं, अशी प्रांताची धडपड होती. म्हणून अर्ज तपासून चित्र फुकट वापरू दिलं. बदल्यात वेष्टनावर कुमामोतोचं नाव गाजलं. एखाद्या गावाला ओळख मिळवून द्यायला हाच मार्ग सरस. मात्र अर्जांची छाननी ढिली पडली, तर भलत्याच मालावर अस्वल झळकतं आणि प्रांताचं नाव खराब होतं.