घड्याळाचा सेल बदलून आठेक महिने झाले: जुन्या लॅपटॉपचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या जुन्या लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल, म्हणजे मशीन बंद असतानाही तारीख-वेळ चालू ठेवणारा नाण्यासारखा छोटा सेल, बदलला. आता थंडी सरत आली आहे आणि तारीख अजून एकदाही मागे गेलेली नाही. मशीन रोज वापरात आहे, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

चार्जर लावलेला असेपर्यंत सगळं ठीक चालायचं. रात्री बोर्डाचं बटण बंद केलं, की सकाळी काळ्या पडद्यावर तारीख-वेळ तपासायची सूचना यायची आणि कॅलेंडर बारा-तेरा वर्षं मागे गेलेलं असायचं. मी करसल्लागार आहे, मला हे परवडणारं नव्हतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात. लॅपटॉपची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझर साइट उघडूच देत नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी जीएसटी पोर्टल उघडेना, डिजिटल सही चालेना. त्या अवस्थेत सेव्ह केलेल्या एक्सेल फाइल तर जुन्या तारखेमुळे यादीत पार तळाला जाऊन बसत.

एका दुकानात मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या, असं ऐकवलं. मला ते पटलं नाही. बाकी मशीन ठणठणीत असताना फक्त तारीख विसरत असेल, तर संशय आधी सेलवर घ्यावा. मल्टिमीटरवर जुना सेल अडीच व्होल्टसुद्धा दाखवत नव्हता. नवा तीनच्या थोडा वर दाखवतो.

हा सेल म्हणजे सीआर2032, व्यास 20 मिमी, जाडी 3.2 मिमी, 3 व्होल्ट. क्षमता साधारण 220 मिलिअँपिअर-तास. घड्याळाला पाच मायक्रोअँपिअर लागतात असं धरलं, तर 44,000 तास, म्हणजे पाच वर्षं निघतात. प्रत्यक्षात बरेच लॅपटॉप याहून जास्त काढतात, कारण चार्जर किंवा मोठी बॅटरी जोडलेली असली की घड्याळ त्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. माझी मोठी बॅटरी मेलेली आणि वर रोज बटण बंद करायची सवय, म्हणजे सगळा भार सेलवर. तुमचीही तीच रीत असेल तर सेल लवकर संपणार हे धरून चाला.

खरेदीत खरी मेख आहे. डेस्कटॉपमध्ये सुटा सेल खाचेत बसतो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला असतो आणि त्याला दोन तारा व छोटा कनेक्टर असतो. कनेक्टर सारखा दिसला तरी लाल-काळी तार उलट असू शकते. म्हणून जुना सेल सोबत घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो आणि शेजारी धरून तारा जुळवल्या. शंभर-दीडशेत काम झालं. सुट्या सेलला घरी तारा डकवायच्या भानगडीत कृपा करून पडू नका. सोल्डरिंगच्या उष्णतेने लिथियमचा सेल फुटू शकतो.

उघडण्याआधी मोबाइलवर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या, सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले. सेल काढला की ही मांडणी मूळपदावर जाऊ शकते आणि हार्ड डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, हे मी माझ्या सगळ्या अशिलांनाही सांगतो. मग चार्जर आणि मोठी बॅटरी काढली, कीबोर्ड व हात टेकायची पट्टी उचलली. कनेक्टर तारांना धरून ओढायचा नाही, प्लास्टिकच्या काडीने हलकेच सरकवायचा. तारीख लावली, बायोस फोटोंप्रमाणे केलं, झालं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा लॅपटॉप घरी चार्जरशिवाय पडून होता. परत आल्यावर इंटरनेट न जोडता पाहिलं, तर मोबाइलच्या वेळेशी काही सेकंदांचाच फरक. महिन्याला मिनिटभर मागेपुढे होणं या साध्या क्वार्ट्झ घड्याळांना शोभतं, त्याची चिंता नको.

एक मैत्रीण माझं ऐकून सेल घ्यायला निघाली होती. तिच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत होती. तो सेलचा दोष नव्हे. लिनक्स घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. लिनक्समध्ये एक सेटिंग बदलून तिचं काम झालं.

काही जुन्या लॅपटॉपमध्ये एमएल जातीचा, चार्ज होणारा सेल असतो. त्या जागी सीआर बसवू नका, तो चार्ज करायचा नसतो. काही नव्या मशीनमध्ये वेगळा सेलच नसतो, घड्याळ मोठ्या बॅटरीवर चालतं. खरेदीआधी आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून पाहा. आणि काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून लगेच ई-कचऱ्यात द्या, घरात लहान मूल असेल तर तेवढा वेळही टेबलावर ठेवू नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.